फासा की भिशी?

दिवाळी आणि दैव ह्यांचे नाते जुने आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो, पण तिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा असेही आहे, आणि ते सांगताना पंचांगकर्त्यांना संकोच वाटलेला दिसत नाही. एरवी ज्या घरात पत्त्यांचा कॅट दृष्टीस पडावयाचा नाही, तेथेही फराळाची ताटे आवरल्यावर तो हळूच बाहेर येतो. दैवासाठी आपल्या भाषेने शब्दांचीही मोठी चैन केली आहे. नशीब, योग, कौल, सोडत, चिठ्ठ्या टाकणे, छापाकाटा. आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखीच मते पडली की जी उचलली जाते ती ईश्वरचिठ्ठी! शास्त्रज्ञांनी ह्या साऱ्यांवर ‘यदृच्छा’ असा एक संस्कृत शिक्का मारला आहे. शिक्का उत्तम आहे. पण त्याखाली किती निरनिराळ्या वस्तू दडल्या आहेत ह्याची चौकशी कोणी फारशी करीत नाही. ती थोडीशी करावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्यासाठी मी निवडलेली ‘कृती’ वाचकांना जरा विचित्र वाटेल. ती कादंबरी नाही, काव्यसंग्रह नाही, नाटक तर नव्हेच. ती आहे संगणकाला दिलेली एका ओळीची आज्ञा. संगणकाच्या चित्रमय, रंगीत दर्शनी भागामागे अजूनही एक काळा पडदा असतो. त्यावर एक रेघ लुकलुकत असते आणि तिच्यापुढे आपण शब्द टंकायचे असतात. चित्र नाही, बटण नाही. जे हवे ते शब्दांत सांगावे लागते. ह्या पडद्यावर चालणाऱ्या चिमुकल्या आज्ञावलींचे एक स्वतंत्र जगच आहे. एक आज्ञा ओळी मोजते, दुसरी त्या अकारविल्हे लावते, तिसरी हवा तो शब्द हुडकून देते. त्या एकमेकींना जोडून त्यांच्याकडून मोठे कामही करवून घेता येते. म्हणींत आणि उखाण्यांत जे लाघव असते ते ह्यांच्यातही असते, आणि म्हणूनच त्यांना टीकेच्या कसोटीवर घासून पाहावयास हरकत नसावी. उखाणा लहान म्हणून त्याला वाङ्मयातून वगळणारे आपण नव्हे.

ह्या जगात दैवाचा प्रवेश फार लवकर झाला. १९७९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून युनिक्स ह्या प्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तीत ‘फॉर्च्यून’ नावाचा एक खेळ होता. आज्ञा दिली की साठवलेल्या वचनांतून एखादे वचन, चुटका किंवा सुभाषित ती पडद्यावर टाकीत असे. पुन्हा द्यावी तो दुसरे. पोपटवाल्याचा पोपट पिंजऱ्यातून येऊन पाकीट उचलतो, तोच हा प्रकार. पुढे अनेकांनी आपापल्या भाषेतील वचने तिच्यात भरली. दिवसाच्या कामाला बसताना कोणते वचन समोर येईल ह्याची किंचित उत्सुकता, एवढेच तिचे भांडवल. पण त्यावर तिने चार दशकांहून अधिक काळ संसार केला आहे.

आमच्या जालन्यात ह्या पोपटाला अगदी घरचे खाद्य मिळाले. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात येते आणि जांब समर्थ ह्याच नावाने ओळखले जाते. ह्या जिल्ह्यातील घरात सकाळी मनाचा एखादा श्लोक कानावर पडावा ह्यात नवल नाही. नवल एवढेच, की आमच्या घरी हल्ली तो संगणकाच्या पडद्यावर पडतो. माझ्या भाच्याने ती सोय करून दिली. एका फाईलमध्ये मनाचे २०५ श्लोक, दर ओळीस एक, आणि त्यांतून रोज एक उचलून दाखविणारी एका ओळीची आज्ञा. काम सोपवताना त्याने मला एक प्रश्न विचारला होता. तो मला अजूनही मोलाचा वाटतो. “मामा, तुम्हाला रोज कुठलाही श्लोक हवा आहे, की रोज नवा?”

प्रश्न साधा दिसतो. पण ह्या लेखाचा सारा वाद त्यातच आहे.

प्रथम ‘कुठलाही’ ह्या शब्दाचा विचार करू. ह्या पद्धतीत आज्ञा रोज सकाळी कालचे सारे विसरते आणि २०५ मधून एक श्लोक नव्याने उचलते. हा फाशाचा न्याय. सारीपाटावर एकदा सहा पडले म्हणून पुढच्या वेळी सहा पडू नयेत असा फाशावर निर्बंध नसतो. त्याला स्मरण नाही. आता वाचकहो, २०५ श्लोक आणि रोज एक, तेव्हा २०५ दिवसांत सारे श्लोक होतील असे आपल्याला वाटते. गणित काही निराळेच सांगते. सतरा-अठरा दिवस गेले नाहीत तोच एखादा श्लोक दुसऱ्यांदा समोर येण्याची शक्यता निम्म्यापर्यंत पोचते. २०५ दिवस पुरे होतात तेव्हा सरासरीने ७५ श्लोकांचे तोंडही पाहिलेले नसते, आणि काहींची मात्र चार-चारदा भेट झालेली असते. फाशाच्या कृपेने एकूण एक श्लोक नजरेखालून जावयाचा तर त्याला सरासरी १,२१० दिवस लागतात. म्हणजे तीन वर्षे आणि जवळजवळ चार महिने. ह्यात यंत्राचा दोष नाही. यदृच्छेचा स्वभावच असा आहे. खरी यदृच्छा गठ्ठ्यागठ्ठ्याने येते. ती सारखी पसरत नाही. सारखेपणा दिसला तर कोणीतरी मुद्दाम मांडले आहे असे खुशाल समजावे.

परंतु माणसाच्या मनाला हे पटत नाही. अॅपल कंपनीच्या गाणी वाजविणाऱ्या यंत्राची हकिकत येथे आठवते. गाण्यांची यादी पिसून वाजवावी अशी त्यात सोय होती. ऐकणाऱ्यांची तक्रार अशी, की एकाच गायकाची गाणी लागोपाठ येतात, तेव्हा ही यदृच्छा खरी नसावी. अखेर २००५ साली कंपनीने ती लागोपाठ येणारी गाणी दूर सारण्याची सोय आपल्या आज्ञावलीत केली. म्हणजे यदृच्छा कमी केली, आणि ती अधिक वाटू लागली! ह्या गोष्टीला मी हसत नाही. लोक मागत होते यदृच्छा, पण त्यांना हवे होते वैविध्य, आणि आपल्या आवडीच्या प्रत्येक गाण्याला पाळी मिळावी एवढा साधा न्याय. मागणीचा शब्द एक आणि पोटातली इच्छा दुसरी. अशा वेळी टीकाकाराने शब्द सोडून इच्छा पाहावी.

ही दुसरी इच्छा पुरविणारी यदृच्छा आपल्या घरातील बायकांना संगणकाच्या फार आधीपासून माहीत आहे. तिचे नाव भिशी. बाराजणी मिळून दरमहा ठरावीक रक्कम काढतात, डब्यात बारा चिठ्ठ्या टाकतात, एक उचलतात. जिचे नाव निघाले तिला त्या महिन्याची रक्कम मिळते. आणि मुख्य गोष्ट ही, की तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. कोणाची पाळी केव्हा येईल हे दैवाच्या हाती. पण पाळी येईल की नाही, हे मात्र दैवाच्या हाती नाही. वर्षअखेर बाराही जणींना एकेकदा रक्कम मिळालेली असते. भिशीत फाशाचा न्याय लावून पाहा, म्हणजे दर महिन्याला बाराही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात टाकून पाहा. चौथ्यापाचव्या महिन्यापासून डब्याऐवजी डोकी फुटू लागतील.

काळ्या पडद्यावरची भिशी म्हणजे ‘शफ’ ही आज्ञा. इंग्रजीत पत्ते पिसण्यासाठी जो शब्द आहे त्याचेच हे तोडलेले रूप. तिला श्लोकांची फाईल दिली की ती सर्व २०५ ओळी पिसून परत देते. एकही गळत नाही, एकही दुणावत नाही. तो पिसलेला क्रम जपून ठेवावा, रोज वरची एक ओळ वाचावी, गठ्ठा संपला की पुन्हा पिसावा. आता २०५ दिवसांत २०५ श्लोक होतातच. हीच ‘शफ’ फाशासारखीही वापरता येते. तिला ‘फक्त एकच ओळ दे’ असे रोज सांगितले की ती प्रामाणिकपणे रोज नवा फासा टाकते. आज्ञा तीच, आपण कोणता शब्द जोडला त्यावर पोपट होतो की भिशी होते हे ठरते. ह्या जातीच्या कृतीचे मला जे सौंदर्य वाटते ते हे. मोठ्या, रंगीत आज्ञावलीत असा निर्णय कुठल्या तरी आतल्या खोलीत, आपल्या नकळत घेतलेला असतो. येथे तो एका ओळीत, सर्वांच्या देखत उभा असतो. वाचता येणाऱ्याने वाचावा.

भाच्याला मी ‘रोज नवा’ असे सांगितले आणि आमच्या घरी भिशी सुरू झाली. पण कृतीचा विचार करताना तिच्यात वाढलेल्या पदार्थाचाही विचार करावयास हवा. मनाचे श्लोक असे पिसावे काय?

आक्षेप सोपा आहे. ह्या रचनेला आदि आहे आणि अंत आहे. पहिल्या श्लोकात गणेशाला आणि शारदेला नमन आहे. दोनशेपाचव्यात फलश्रुती आहे. दैवाने फलश्रुती पहिल्याच दिवशी समोर ठेवली तर जेवणाआधी विडा पुढे केल्यासारखे होते. मध्येही काही ठिकाणी ओळीने आठ-दहा श्लोकांचा शेवटचा चरण एकच असतो. तो चरण पुन्हापुन्हा येऊन मनावर घण घालतो. तो झुबका फोडून एकेक श्लोक महिन्यामहिन्याच्या अंतराने वाचला तर घणाचा नुसता टिचकीसारखा आवाज उरतो. रचनेचा घाट हा अर्थाचाच भाग असेल, तर घाट मोडणारे वाचन हे अपुरे वाचन होय. हा आक्षेप मला मान्य आहे.

तरीही दुसरी बाजू आहे. परंपरा सांगते, की हे श्लोक समर्थांचे शिष्य भिक्षेला जाताना दारोदार म्हणत. आता त्या दारात उभ्या असलेल्या गृहिणीचा विचार करा. रामदासी क्रमाने म्हणत आला असेल. पण तिच्या दारी तो आला तेव्हा कोणता श्लोक चालू होता हे तिने ठरविले नव्हते, त्यानेही ठरविले नव्हते. पसाभर धान्य झोळीत पडेपर्यंत जो कानी आला तो तिचा. क्रम म्हणणाऱ्याच्या तोंडी होता. ऐकणारीच्या कानी मात्र यदृच्छाच होती. आणि श्लोकांची घडणही अशी, की एकटा श्लोक ऐकला तरी त्याला बोलावयाचे ते पुरे होते. भुजंगप्रयाताच्या चार चरणांत एक उपदेश सुरू होतो आणि संपतो. दासबोधाची गोष्ट निराळी. वीस दशक आणि दोनशे समास, एका समासात उपस्थित झालेली शंका पुढे फिटायची. तो ग्रंथ पिसणे म्हणजे जिन्याच्या पायऱ्या काढून अंगणात पसरणे. तेव्हा माझा निकाल असा: ज्या रचनेचा तुकडा स्वतःच्या पायांवर उभा राहतो तिला दैवाच्या हाती काही दिवस द्यावयास हरकत नाही; मात्र एकदा तरी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने वाचलेली असावी. आधी ओळख, मग गाठभेट. आणि गाठभेट भिशीची असावी, फाशाची नव्हे. नाहीतर वाचकाला वाटते आपण सारे वाचीत आहोत, आणि पाऊणशे श्लोक दाराबाहेर तिष्ठत असतात.

येथवर प्रकरण घरगुती होते. श्लोक एखादा कमी वाचला गेला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. पण हीच एक ओळ जेव्हा श्लोकांऐवजी माणसांची नावे पिसू लागते, तेव्हा टीकाकाराला आवाज चढवावा लागतो.

‘बॅश’ नावाच्या प्रचलित कवचात, म्हणजे त्या काळ्या पडद्यामागे बसून आपल्या आज्ञा ऐकणाऱ्या कारभाऱ्यात, ‘रँडम’ ह्या नावाचा एक फासा तयारच ठेवलेला असतो. त्याला ३२,७६८ बाजू आहेत. शून्यापासून ३२,७६७ पर्यंतची कोणतीही संख्या तो देतो. नवशिके त्याचा उपयोग असा करतात: आलेल्या संख्येला २०५ ने भागावयाचे आणि जी बाकी उरेल त्यावरून श्लोक ठरवावयाचा. दिसावयास हे निर्दोष दिसते. पण दिवाळीच्या लाडवावर हे करून पाहा. लाडू एक, भावंडे चार, आणि हाती सहा बाजूंचा फासा. एक ते चार पडले तर अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या भावंडाला लाडू. पाच पडले तर चाराने भागून बाकी एक, पुन्हा पहिल्याला. सहा पडले तर पुन्हा दुसऱ्याला. थोरल्या दोघांना दोन-दोन बाजू मिळाल्या, धाकट्यांना एकेक. आई असे वाटप करील काय? ती म्हणेल, पाच किंवा सहा पडले तर पुन्हा टाक. उपाय इतका सोपा आहे, आणि ‘शफ’ ही काळजी आपली आपण घेते. बाकी काढणारी नवशिकी ओळ मात्र घेत नाही.

श्लोकांच्या बाबतीत हा अन्याय नगण्य आहे. पहिल्या १७३ श्लोकांच्या वाट्याला फाशाच्या १६० बाजू येतात, शेवटच्या ३२ श्लोकांच्या वाट्याला १५९. जन्मभर वाचले तरी हा फरक कळावयाचा नाही. पण समजा यादी २०,००० अर्जदारांची आहे. तीच ओळ, तोच फासा. आता पहिल्या १२,७६८ अर्जदारांना दोन-दोन बाजू मिळतात आणि उरलेल्या ७,२३२ जणांना एकेक. पहिल्यांची संधी सरळ दुप्पट! यादी ५०,००० नावांची झाली तर शेवटच्या १७,२३२ जणांना एकही बाजू मिळत नाही. त्यांचे नाव यादीत आहे, सोडत झाली आहे, निकाल लागला आहे. फक्त त्यांचे नाव निघणे मुळात शक्यच नव्हते. आणि ते घरी बसून नशिबाला दोष देत राहणार. दैवाच्या नावावर खपलेला अन्याय हा सर्वांत सुरक्षित अन्याय असतो, कारण त्याविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही.

ही चिंता हवेतली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या, आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात. जालन्यातील एखादा मजूर बाप भ्रमणध्वनीवर येणाऱ्या निरोपाची वाट पाहत असतो. त्या सोडतीत वर सांगितलेला दोष आहे असे माझे म्हणणे बिलकुल नाही. माझे म्हणणे एवढेच, की दोष नाही हे त्या बापाला, किंवा त्याच्या वतीने एखाद्या जाणत्या शेजाऱ्याला, स्वतः पाहता आले पाहिजे. ईश्वरचिठ्ठीचे बळ ईश्वरात असेल-नसेल. पण ती सर्वांदेखत उचलली जाते हे तिचे खरे बळ आहे. सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या, सारख्या घड्या, समोर ठेवलेले भांडे, आणि ज्याचा कशात हितसंबंध नाही असे एखादे लहान मूल. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखीच मते पडली, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरालाही अखेर चिठ्ठीच उचलावी लागली.

संगणकाच्या चिठ्ठीत हे ‘सर्वांदेखत’ आणावयाचे कसे? ह्याचे उत्तर ज्या शब्दात आहे तो जालनेकरांच्या ओळखीचा आहे: बीज. जालना ही बियाण्यांची पेठ. १९६४ साली बद्रिनारायण बारवाले ह्यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आणि संगणकाची यदृच्छाही बियाण्यापासूनच उगवते. यंत्राला खरे म्हणजे फासा टाकता येत नाही. ते एक संख्या घेते, तिच्यावर ठरावीक गणित करते, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करते, आणि ह्या संख्या यदृच्छेसारख्या दिसतात. आरंभीच्या त्या संख्येला बीज म्हणतात. बीज तेच, तर पीक तेच. अक्षरे चाळण्यासाठी वापरली जाणारी ‘ऑक’ नावाची एक जुनी आज्ञा आहे. तिच्या बहुतेक अवतारांत तुम्ही बीज दिले नाही, तर दर वेळी त्याच संख्या त्याच क्रमाने येतात. आज पडला तोच ‘दैवयोग’ उद्याही पडतो. बीज पेरण्याची आज्ञा नुसती दिली तर ती घड्याळातील सेकंद घेते. म्हणजे एकाच सेकंदात दोनदा विचारले तर दोन्ही वेळा एकच उत्तर.

हे कळले की पुढचा धोका आपोआप कळतो. बीज ज्याला ठाऊक, त्याला पीक ठाऊक. १९९९ साली अमेरिकेतील काही संगणकतज्ज्ञांनी दाखवून दिले, की महाजालावर चालणाऱ्या एका पत्त्यांच्या खेळात पिसणीचे बीज घड्याळातून घेतलेले आहे, आणि त्यामुळे हाती आलेल्या चार-पाच पत्त्यांवरून सगळ्यांचे पत्ते ओळखता येतात. आयोवा राज्यातील प्रकार ह्याहून गंभीर. तेथील लॉटरी-संस्थेच्या सुरक्षिततेची ज्याच्यावर जबाबदारी होती, त्याच अधिकाऱ्याने सोडतीच्या आज्ञावलीत काही ओळी अशा घुसविल्या, की वर्षातील काही ठरावीक दिवशी येणाऱ्या संख्या त्याला आधीच काढता याव्यात. २०१७ साली त्याला शिक्षा झाली. पण तोवर किती जणांनी तिकीट फाडून कपाळाला हात लावला असेल!

ह्यावर उपाय बीज लपविणे हा नव्हे. ते योग्य वेळी, सर्वांदेखत निवडणे हा आहे. अर्जदारांची क्रमवार यादी आधी प्रसिद्ध करावी. कोणती आज्ञा चालवावयाची ती एक ओळही आधीच छापावी. मग भरसभेत मुलांच्या हातून काचेच्या भांड्यातील अंक उचलावेत, आणि त्या अंकांचे बीज करावे. ‘शफ’ला यदृच्छेचा उगम म्हणून आपल्या पसंतीची फाईल देता येते, तीच यादी, तीच फाईल आणि त्याच आवृत्तीची तीच आज्ञा असली की जगात कोठेही तोच क्रम निघतो. मग निकालावर कोणाचा संशय असेल त्याने आपल्या घरी ती ओळ चालवून पाहावी. आधी कोणालाच सांगता येऊ नये, आणि नंतर कोणालाही पडताळता यावे: सोडतीचे सारे औचित्य ह्या दोन कलमांत आहे. मोठ्या, बंदिस्त आज्ञावलीपेक्षा एका ओळीची ही कृती मला श्रेष्ठ वाटते ती ह्यामुळे. तिच्यात लपावयाला जागाच नाही.

बियाण्यांचा विषय निघालाच आहे, तर शेतातील एक गोष्ट सांगून हा विचार पुरा करतो. नव्या वाणाची परीक्षा घ्यावयाची, तर एकाच रानात अनेक वाण शेजारीशेजारी लावावे लागतात. पण रान एकसारखे नसते. बांधालगत ओल जास्त, उतारावर माती पातळ. आपल्या लाडक्या वाणाला चांगला तुकडा देण्याचा मोह माणसाला नकळतही होतो. म्हणून रोनाल्ड फिशर ह्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात असे सांगितले, की कोणता वाण कोठे, हे यदृच्छेने ठरवा. परंतु त्याने रान नुसते फाशाच्या स्वाधीन केले नाही. त्याने रानाचे गट पाडावयास सांगितले. प्रत्येक गटात प्रत्येक वाण एकदा आलाच पाहिजे, आणि गटाच्या आत त्याची जागा मात्र चिठ्ठीने ठरावी. म्हणजे शेवटी काय? भिशीच! कोणाला वगळावयाचे नाही, हे माणसाने ठरविले. कोणाला कोठे बसवावयाचे, हे दैवावर सोपविले.

माझ्या मते यदृच्छेची खरी जागा हीच आहे. तिच्यात एक मोठा गुण आहे: ती निवडणाऱ्याचा हात बाजूला काढते. आपली आवड, आपला आळस, आपला वशिला, ह्यांपैकी कशालाही ती ओळखत नाही. वाचकाला ती नावडता श्लोक वाचावयास लावते, शेतकऱ्याला लाडका वाण उतारावर लावावयास लावते, आणि शाळेला अनोळखी मूल घ्यावयास लावते. एवढे केले म्हणजे तिचे काम संपले. न्याय करणे तिचे काम नाही. डब्यात कोणाच्या चिठ्ठ्या पडाव्यात, निघालेली चिठ्ठी परत टाकावी की नाही, बीज कोणी निवडावे, हे सारे आपणच ठरवीत असतो, आणि ते ठरवून झाल्यावर ‘दैवाची इच्छा’ म्हणून हात झटकतो. काळ्या पडद्यावरची ती एक ओळ आपल्याला हात झटकू देत नाही. आपण काय मागितले हे ती अक्षरशः लिहून दाखवते.

ह्या दिवाळीत घरोघरी पत्ते पिसले जातील, हळदीकुंकवाला कोणाच्या तरी नावाची चिठ्ठी निघेल, भिशीचा डबा खडखडेल. चिठ्ठी कोणाची निघाली हे तर पाहाच. पण ती उचलण्याआधी डब्यात एकदा डोकावून पाहा, सगळ्यांच्या चिठ्ठ्या आत आहेत ना!